तीन वाजताची सही

२०२४ सालची गोष्ट. मी तेव्हा बहात्तर वर्षांचा. डोकं ठिकाणावर आहे, हे आधीच सांगून ठेवतो… कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल, म्हातारा चळला.

सारी नोकरी पोलिसात काढली. नदीकाठी मुडदे राखले, मसणात एकट्यानं बंदोबस्त केला. कधी काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. कोणी भूत-बीत म्हटलं की मी म्हणायचो, "त्याचा पत्ता सांग, समन्स देतो." आजही मानत नाही. पण एक सही आहे. ती कुठून आली ते मले कोणी समजावून सांगावं, म्हणून लिहून राहिलो. शाळा सातवीत सुटली, म्हणून शुद्धलेखन सुनेनं पाहिलं. मजकूर माझाच आहे, तिले एक शब्द बदलू दिला नाही.

कोराडीच्या बाजूला वीजघरवाल्यांच्या कॉलन्या आहेत. त्यातल्या एकीत आमची पोलीस चौकी. नाव देत नाही. चौऱ्याहत्तर साली उघडली तेव्हा टिनाचं शेड होतं, सहा शिपाई अन दोन सायकली — त्यातली एक कायम पंक्चर. पहिल्या वर्षातली सगळ्यात मोठी केस म्हणजे एका साहेबाचा कोंबडा. सापडला, पण शिजलेला. दुपारपर्यंत टोपीवर वीजघराची राख बसायची. ती झटकायची अन मग सलाम ठोकायचा. आता तिथं स्लॅबची इमारत आहे, कॅमेरे आहेत. चौकीले पन्नास वर्षं झाली म्हणून नव्या पीएसआय मॅडमनं इतिहासाची पुस्तिका काढायचं ठरवलं. पहिल्या सहा जणांतला जिवंत मी एकटा. म्हणून मले बोलावणं आलं. मुखपृष्ठावर वर्दीतला माझा फोटो येणार होता. खोटं काहून बोलू… छाती फुगली होती.

मे महिना, दुपारी तीनचा सुमार. कॉलनीत कुत्रंही दिसत नव्हतं.

"काकाजी, एवढ्या उन्हात पायी आले? गाडी पाठवली असती न मी."

"पोलिसवाल्याले ऊन लागत नाही मॅडम. लागलं तरी सांगत नाही."

त्या हसल्या, मठ्ठा मागवला अन मजकूर वाचून दाखवू लागल्या. कोंबडा आला, सायकली आल्या. मग आलं — "ब्याऐंशी सालच्या मे महिन्यात भरदुपारी एका क्वार्टरमध्ये घरफोडी झाली. गस्तीवरचे शिपाई नामदेव गस्त सोडून चौकीत बसून होते. त्यांना बडतर्फ करण्यात आले."

"बरोबर आहे न काकाजी?"

मी म्हटलं, "कागदात आहे तर बरोबरच असेल."

बरोबर नव्हतं. तेच आता सांगतो.

उन्हाळ्यात लोक गावाले जात, अन जे राहत ते कूलरपुढे झोपत. म्हणून दुपारची गस्त असायची. कॉलनीच्या शेवटी पाण्याची टाकी होती. तिच्या खांबाले एक टिनाची पेटी अन पेटीत वही. गस्तवाल्यानं तिथपर्यंत जायचं अन तीनच्या रकान्यात सही करायची. सही दिसली म्हणजे माणूस गेला होता, एवढाच पुरावा. त्या दिवशी गस्त नामदेवची होती अन चौकीतला पहारा माझा. पण नामदेवले सकाळपासून ताप. डोळे लाल झाले होते.

मी म्हटलं, "नामद्या, तू बस चौकीत. मी जातो टाकीले."

"साहेबाले विचारावं लागीन गा."

"साहेब झोपला आहे. बस म्हटलं तर बस न बे."

"जाय मग. पण सही करजो बाप्पा, नाही तर मी मरतो."

आम्ही अशी अदलाबदल तोंडीच करत असू. कागदावर काही नाही. मी निघालो. टाकीच्या पन्नास पावलं अलीकडे पंपघर होतं. आतली फरशी ओली, थंडगार. म्हटलं, पाच मिनिटं टेकू. उठलो तेव्हा पाच वाजले होते, अन टाकीमागच्या क्वार्टरचं कुलूप तुटलं होतं.

संध्याकाळी चौकीच्या साहेबानं आम्हा दोघांसमोर वही उघडली. तीनचा रकाना कोरा. मी या डोळ्यांनी पाहिला — कोरा. साहेबानं त्यावर लाल पेनानं आडवी रेघ ओढली. नामदेव म्हणाला, गस्त यानं घेतली होती. साहेबानं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "नाही साहेब. मी घरी जेवायले गेलो होतो."

वही कापडात बांधली. वर चिठ्ठी लावली — 'तीनचा रकाना कोरा' — तिच्यावर आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या अन गाठीवर लाखेची मोहर मारली. सही करताना नामदेव माझ्याकडे बघतही नव्हता. त्याची नोकरी गेली. पुढे त्यानं प्रताप नगरात सायकलीचं दुकान टाकलं अन त्याच दुकानात एक दिवस गेला. मी मयतीलेही गेलो नाही.

तर मॅडमनं टेबलाखालून एक गाठोडं काढलं. "चौकी रंगवताना जुन्या कपाटामागे सापडलं. म्हटलं, तुमच्यासमोरच उघडू. प्रदर्शनात ठेवता येईल."

मोहर शाबूत. चिठ्ठी तीच. सह्या दोघांच्या. मी हातात घेऊन, उलटून-पालटून तपासलं — माझी नोकरीच ती होती. कुठं उसवलेलं नाही, उंदरानं कुरतडलेलं नाही. मॅडमनं मोहर फोडली, पान काढलं अन म्हणाल्या, "कोरा कुठं आहे? सही आहे की."

मी चष्मा लावला.

तीनचा रकाना. त्यात माझी सही. वरून लाल रेघ गेलेली… सहीच्या वरून. म्हणजे सही आधीची, रेघ नंतरची. मी पेन दाबून लिहितो, लहानपणापासून. मॅडमनं पान उलटलं तर सही मागं उमटली होती. त्यावर बोट फिरवलं, बोटाले लागली. नामदेवचा हात हलका. दुसऱ्या कोणाचं काम नाही. सही माझीच. अन ती मी केली नव्हती.

झोपेत उठून केली म्हणावं, तर संध्याकाळी रकाना कोरा होता. तीन माणसांनी पाहिला होता. नंतर कोणी केली म्हणावं, तर मोहर मॅडमनं माझ्यासमोर फोडली.

मॅडम मात्र खुश. "काकाजी, ही तर या चिठ्ठीवरचीच तुमची सही! म्हणजे गस्तीची अदलाबदल झाली होती! अन तुम्ही तीन वाजता टाकीवर गेलेही होते. तुमची चूक नाही, नामदेवकाकांची तर नाहीच. साहेबानं नीट पाहिलं नाही, बस. किती छान झालं! असंच लिहू न?"

पाहा, कसं होतं ते. एक हो म्हटलं की नामदेव सुटत होता, मीही सुटत होतो. मेलेल्या साहेबावर सारं ढकललं जात होतं. फोटो मुखपृष्ठावर राहत होता.

मी म्हटलं, "लिहा."

घरी आलो. पाणीही गोड लागेना. मंडळी भाजी निवडत होती. तिच्यापुढे बसलो अन सारं सांगितलं — पंपघरासकट. पहिल्यांदाच.

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "त्या दिवशी साहेबाचा माणूस विचारायले आला होता, हे जेवायले आले होते का म्हणून. तुम्ही आलेच नव्हते. मी हो म्हटलं."

"मले माहीत आहे वं."

"मले वाटलं, पत्ते कुटत बसले असान. तुमची नोकरी वाचवली मी. नामदेवभाऊजीची जाईन, हे मले कुठं माहीत होतं? त्याची मंदा रडत दारात आली तर मी म्हटलं, तुहा नवरा खोटा आहे, माह्या नवऱ्यावर ढकलून राहिला. माह्या बाळंतपणात जिनं महिनाभर धुणं धुतलं, तिले म्हटलं मी असं. बेचाळीस वर्षं झाले, तिच्या दारात गेले नाही. तुमच्या शब्दावर!"

"आता तर सही निघाली न. नामदेव सुटला."

"अन तुम्ही?" तिनं भाजी बाजूले सारली. "वहीत सही कोणी केली ते देव जाणे. पण तुम्ही गेले नव्हते, हे तर तुम्हाले माहीत आहे न?"

मी हट्टी माणूस. आयुष्यात बायकोसमोर हार मानली नाही. त्या दिवशी मानली.

ती सही कोणाची, कशी आली — आजही उलगडा नाही. मॅडमनं तज्ज्ञाले दाखवतो म्हटलं, मी नको म्हटलं. कधी वाटतं, नामदेव मले सोडवून गेला. कधी वाटतं, त्यानं पकडलं. दोन्ही वेळा झोप येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाले आम्ही दोघं चौकीत. मंडळीनं चांगलं लुगडं नेसलं होतं; तिथून तिले बसनं प्रताप नगरले जायचं होतं, मंदाकडे. ती बाकावर बसली. मी उभाच राहिलो.

"मॅडम, पुस्तिका थांबवा. माझा फोटो काढून टाका. नामदेवचा मी आणून देतो, त्याच्या घरच्यांनी दिला तर."

"पण काकाजी, सही तर—"

"कागद द्या."

चार ओळी लिहायले मले अर्धा तास लागला. गस्त मी मागून घेतली होती. मी टाकीपर्यंत गेलो नाही, पंपघरात झोपलो. रकाना कोरा होता. नामदेव खरं बोलला, मी खोटं बोललो.

मग म्हटलं, "मॅडम, आता सही करतो. पेनाकडे पाहत राहा, नजर हटवू नका."

त्यांनी पाहिलं. बाकावरून मंडळीनंही पाहिलं. मी दाबून सही केली, तारीख टाकली, अन कागद उलटून मागं बोट फिरवलं. बोटाले लागली.