विरजण आणि पंचवीस अक्षरं

कॉम्प्युटरच्या सीडीची की, म्हणजे ती चालू करायची पंचवीस अक्षरं, मी विरजणासारखी देऊन टाकली होती, हे आधीच कबूल करते. नातवंडांनी हवं तेवढं हसून घ्यावं. वाटी घेऊन दारात आलेल्याला विरजण द्यायचं, आपलं दही कुठं कमी होतं? सीडीचंही तसंच असणार, असं मी ठरवून टाकलं. काय अक्कल होती माझी!

भोरला एसटी स्टँडजवळ माझा टायपिंगचा क्लास होता. टाइपरायटरांच्या रांगेशेजारी मी नवा कॉम्प्युटर आणून बसवला, ऑपरेटिंग सिस्टीमची अस्सल सीडीही विकत घेतली. मार्गासनीहून मुली एसटीनं सरावाला येत. हा बंद पडला तर त्यांना पुण्याला कोण धाडणार? शिकणंच सुटायचं.

सीडी टाकल्यापासून तीस दिवसांत ॲक्टिव्हेट करा, नाहीतर कॉम्प्युटर चालणार नाही, असं पडद्यावर रोज येई. मी म्हणे, महिना पडलाय. तेवढ्यात शेजारच्या फोटो स्टुडिओवाल्या भाईंनी सीडी मागितली. मी दिली. वर पाकिटावरची पंचवीस अक्षरं वळणदार हातानं कागदावर उतरवून दिली. भाईंनी त्याच दिवशी इंटरनेटवरून ॲक्टिव्हेट करून टाकलं.

तीन दिवस उरल्यावर मी ॲक्टिव्हेट करायला बसले. पडदा म्हणाला, ही की आधीच वापरली गेलीय, फोन करा. कंपनीच्या फोनवरच्या बाईंना मी पडद्यावरचा मारुतीच्या शेपटीएवढा आकडा वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "ही किती कॉम्प्युटरवर टाकलीय?"

"दोन!" मी ठसक्यात सांगितलं. "शेजारी मीच दिली. चोरीची नाही हो, अस्सल आहे."

त्या म्हणाल्या, "मॅडम, एका लायसन्सवर एकच कॉम्प्युटर. दुसऱ्यावरची काढा आणि परत फोन करा."

पाकिटातला नियमांचा कागद अजून घडीतच होता. उघडला, तर पहिल्याच पानावर तेच. मुलींना मात्र मी रोज सांगायची, "आधी वाचा, मग बोटं चालवा."

स्टुडिओत गेले. कॉम्प्युटरवर कामथडी गावच्या लग्नाचा अल्बम अर्धा झालेला. जीभ रेटेना, पण मुली डोळ्यांपुढं होत्या.

"भाई, चूक माझी. पण ती सीडी टाकलीय ना, ती काढावी लागेल. तुमची स्वतःची येईपर्यंत संध्याकाळी माझ्या कॉम्प्युटरवर काम करा."

भाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा नवरीच्या फोटोकडे पाहिलं. मग फोटो सीडीवर उतरवून घेतले आणि कॉम्प्युटर पुसून रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर तोच प्रश्न आला. "एक," मी म्हटलं, आणि या वेळचा ठसका खरा होता. त्यांनी सांगितलेले आकडे भरले, काम झालं. मुली नेहमीच्या एसटीनं आल्या आणि सरावाला बसल्या.

संध्याकाळी भाई फोटोंच्या सीड्या घेऊन आले, मुलींच्या खुर्चीत ऐसपैस बसले आणि म्हणाले,

"बाई, विरजण लई जणांनी दिलं मला. पण लागलेलं दही परत मागाय आलेल्या तुमी पहिल्याच. आता चहा तरी पाजा!"