चार दिवसांचं पथ्य

वहिनींचा फोन आला तेव्हा मी समुद्रपूरच्या घरी दाढी करत होतो. "भाऊजी, हे उठूनच नाई राह्यले," एवढंच त्या बोलल्या. केळझरला भाजीची वाडी करणारा माझा मोठा भाऊ, एकाहत्तर वर्षांचा दादा, झोपेतच गेला. हृदयाचा झटका. महिना उलटला, पण माझा राग निवत नाही... आणि तो दादावर जेवढा आहे, तेवढाच माझ्यावर.

साखरेची तपासणी म्हणजे दादाला परीक्षा वाटायची. गोळी दहा वर्षांपासून चालू. तपासणीच्या आधी चार दिवस हा गडी कारल्याचा रस प्यायचा, ज्वारीची अर्धी भाकर खायचा, वाडीच्या पायी फेऱ्या मारायचा. रिपोर्ट चांगला आला की सेलूच्या स्टँडवर जिलबी. "पास झालो ना लेका, खा." मग पुढच्या तपासणीपर्यंत पथ्याला कोण विचारतो? आणि चार दिवस आधी फोन करून "दादा, कारलं सुरू कर" अशी आठवण कोण करून द्यायचं? मीच. मोठा शहाणा.

गेल्या वर्षी त्याच्या पायांची आग व्हायला लागली म्हणून त्याला वर्ध्याला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा रिपोर्ट आजच्यापुरता. तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी करू. वर्षानुवर्षं साखर अशी वरखाली होत राहिली, तर या वयात हृदयाला धोका असतो." दादानं टेबलाखालून माझा पाय दाबला. मी लगेच म्हणालो, "राहू द्या मॅडम, त्याची साखर वाढतच नाही." बाहेर आल्यावर दादा हसला. "वाचवलं तू मले. तुह्या वहिनीनं चहाबी बंद केला असता." मीही हसलो. लिहितानाही लाज वाटते.

तेरवीला वहिनींनी विचारलं, "साखर त चांगलीच होती, मंग हे काऊन झालं जी, भाऊजी?" मी पंगत वाढायला निघून गेलो. परवा गेलो तर ताटातल्या वांग्याच्या भाजीत तेलाचा थेंब नव्हता. म्हणाल्या, "माह्याच हातचं तेल नडलं त्याईले. आता मले नाई खावत."

वहिनी, हे ज्यात छापून येईल ती पेपरची पुरवणी तुमच्याकडे येते. तुमच्या तेलानं काही झालेलं नाही. ती तपासणी मी नको म्हणालो. समोर बसून सांगायची हिंमत झाली नाही म्हणून इथं लिहिलं. रविवारी येतो आहे. दार उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.