सगळ्यांत मऊ साडी

शेजारच्या सुमनमावशी जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवतात. त्यांच्या वेबसाइटचा मजकूर लिहिताना चार दिवसांत मी ‘परंपरा आणि दर्जा यांचा सुंदर संगम’ इथवरच पोचले होते, आणि माझाच मला कंटाळा आला होता.

आज मी मावशींकडे बसले असताना एक बाई आपल्या वारलेल्या आईच्या साड्या घेऊन आल्या. मावशींनी एकेक साडी गालाला लावून पाहिली, सगळ्यांत मऊ होती ती बाजूला काढली.

“ही वरच्या टोकाला लावते. पांघरलीत की तोंडाशी येईल.”

बाईंनी ती साडी आपल्याही गालाला लावून पाहिली.

हुश्श! विकायचं म्हटलं की मोठे शब्द लागतात, असं मला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. घरी येऊन सगळं पुसलं आणि मावशींचंच बोलणं लिहिलं: सगळ्यांत मऊ साडी वरच्या टोकाला लावते, पांघरलीत की तोंडाशी येते.