अजून न आलेल्या बायकांची खोली

गायकर साहेब कुठेही गेले की त्या जागेत काय कमी आहे ते आधी बघायचे. माझ्या मुलीच्या लग्नाला बेलवलीच्या हॉलमध्ये आले, आहेराचं पाकीट माझ्या हातात दिलं आणि लगेच म्हणाले, "सुमनताई, हात धुवायचं बेसिन आइस्क्रीमच्या टेबलाला चिकटून आहे. पहिली पंगत उठली की गोंधळ होणार." व्याह्यांच्या देखत मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पंगत उठली आणि विहीणबाईंच्या नव्या शालूवर कुणाचं तरी आइस्क्रीम सांडलंच. तोवर साहेब बाह्या सरसावून टेबलाचं एक टोक उचलून उभे. "कुणीतरी दुसरं टोक धरा रे!"

साहेब जाऊन आता वर्ष होईल, म्हणून लिहायला बसले. ते पालिकेच्या बांधकाम खात्यात इंजिनियर होते. कुठल्या पालिकेत ते सांगत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, ह्या पट्ट्यातलीच म्हणा. मी त्या खात्याच्या भांडारात चहा करायचे. माझे मालक रोलरवर होते, ते गेल्यावर त्यांच्या जागी मला घेतलं. शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचणं-लिहिणं फायलींवरची नावं लावत लावत आलं, तेव्हा शुद्धलेखन जरा सांभाळून घ्या.

भांडार म्हणजे नदीकडच्या खोलगट जागेतली लांबलचक पत्र्याची शेड. सिमेंट, पाइप, गटाराची झाकणं, सगळं तिथेच. मोठा पाऊस झाला की गावातलं पाणी उपसायचे पंप आधी आमच्या शेडमध्ये बुडायचे! आणि बाईमाणसाला संडास नाही. बाई म्हणजे मी एकटीच. सकाळी घरून निघताना पाणी प्यायचे, ते परत घरी आल्यावर. दिवसभर दुसऱ्यांना चहा पाजायचा आणि आपण घोट घ्यायचा नाही. मुतखड्याने दोनदा लोळले. पण सांगणार कुणाला? आमच्या स्टोअरकीपर नानवाणी साईंना?

अशात साहेबांकडे एक काम आलं. खात्याला पुढची पंचवीस वर्षं किती जागा लागेल, काय काय लागेल, त्याचा आराखडा करायचा. नव्या भांडारासाठी एमआयडीसीच्या रस्त्याला उंचावरचा एक भूखंड बघून ठेवला होता. साहेब शेडमध्ये आले तसा साईंनी हजेरीपट पुढे सरकवला. "चालीस आदमी, साहेब. मस्टर में सब है."

साहेबांनी हजेरीपट चाळला, मिटला, बाहेर आले आणि माझ्या स्टोव्हसमोर बादली उलटी घालून बसले.

"ताई, नाव काय तुमचं?"

अकरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सगळ्यांची मावशी. म्हटलं, "सुमन."

"सुमनताई, सकाळी कप किती लागतात?"

दुधाचा अंदाज यावा म्हणून मी कपाटाच्या दाराला आतून खडूने रेघा मारायचे. पावसाच्या दिवशी शेजारी एक टिंब. साहेबांनी दार उघडलं आणि बघतच राहिले. ठेकेदाराची माणसं, टँकरवाले, पंपावरचे, गटारात उतरणारे, हजेरीपटात ह्यांचं नावही नव्हतं, पण चहाला सगळे हजर. चाळीस माणसांच्या भांडारात कप लागायचे ऐंशी, आणि टिंबाच्या दिवशी तर विचारूच नका.

"साई, हजेरीपट खोटा नाही हो," साहेब म्हणाले, "पण त्याला तहान लागत नाही."

सगळ्या रेघा त्यांनी वहीत उतरवून घेतल्या. मग पेन खिशाला लावलं आणि मान खाली ठेवूनच विचारलं, "ताई, तुम्ही जाता कुठे?"

मी न कळल्यासारखं केलं. ते काही बादलीवरून उठेनात. शेवटी म्हटलं, "घरी गेल्यावरच."

"दिवसभर?"

"हो."

हे काही त्यांनी वहीत लिहिलं नाही. बादली सुलटी करून जागेवर ठेवली आणि गेले.

दोन महिन्यांनी बैठक भरली. भिंतीवर मोठा नकाशा आणि मी चहाचा ट्रे घेऊन दाराशी. मोठे साहेब म्हणाले, "गायकर, मागची निम्मी जागा मोकळीच दाखवलीय. तिथे गाळे काढू या की."

"मोकळी नाही साहेब, राखीव आहे. आमच्या आजोबांनी शेताकडचा रस्ता बैलगाडीपुरता सोडला होता. आज त्यात कचऱ्याची गाडी अडकते आणि गाव आजोबांना शिव्या घालतं. मला मेल्यावर शिव्या नकोत."

सगळे हसले. मग एका सदस्यांचं बोट नकाशावर थांबलं. "हे काय? महिलांसाठी खोली, चार संडास? खात्यात बायका किती?"

"भांडारात एक."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"एका मावशीसाठी चार? मावशी, मजा आहे तुमची!"

"एकच आहे, म्हणूनच बांधायचे," गायकर साहेब म्हणाले. "बायका आल्यावर बघू म्हणालात, तर त्या येणारच नाहीत. एक टिकली, ती कशी टिकली ते तिला विचारा."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण वाटलं, आज गप्प बसले तर हा माणूस एकटा पडेल. म्हटलं, "पाणी न पिता टिकले. दोनदा दवाखान्यात पडून होते."

मोठ्या साहेबांनी ओठाशी नेलेला कप खाली ठेवला. म्हणाले, "चार राहू द्या. आणि मागच्या जागेलाही हात लावू नका."

आता तोंड उघडलंच होतं, तर मी पुढे रेटलं. "साहेब, नकाशात सगळं आलं, पण माझा स्टोव्ह कुठे ठेवायचा?"

गायकर साहेब तरातरा नकाशापाशी गेले. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. चहाच्या कपांवरून आखलेल्या नकाशात चहाची खोलीच नव्हती! बैठक खो खो हसत होती आणि साहेब कानापर्यंत लाल. त्यांनी पेन्सिल काढली आणि स्वतःच्या केबिनवर काट मारली. "इथे ठेवा. मला काय, टेबल कुठेही चालतं."

नवं भांडार उभं राहायला बरीच वर्षं गेली. साहेब त्याआधीच निवृत्त झाले. मी शेवटची दोन वर्षं तिथे काढली, पोटभर पाणी पिऊन.

पुढे एकदा साहेबांचा फोन आला, "सुमनताई, चला, बघून येऊ." रिक्षाने गेलो. साहेब वाळले होते, हातात काठी आली होती. आवारात बघावं तर इंजिनियर मुली, पंपावरच्या बायका, गाडी चालवणारी एक. साहेब महिलांच्या खोलीपासून लांबच थांबले. "तुम्ही आत जाऊन या. दारांच्या कड्या नीट लागतात का बघा."

मी गेले. चारही दारं बंद, बाहेर तिघीजणी उभ्या. एक पोरगी म्हणाली, "आजी, लाइन आहे हां."

मी बाहेर येऊन सांगितलं, "साहेब, कड्या कुठल्या बघताय? आत रांग लागलीय."

"रांग?"

"चारही भरलेत, वर तिघी उभ्या."

साहेबांनी कपाळावर हात मारला. "अरेच्चा, चुकलो की! कमी काढले!" आणि असे हसायला लागले की वॉचमन बघायला आला. हिशोब चुकल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग काठी माझ्याकडे दिली आणि खिशातून टेप काढली. मागची राखीव जागा तशीच होती, गुडघ्याएवढं गवत माजलेलं.

"सुमनताई, हे टोक धरा."

मी टोक भिंतीला दाबून धरलं आणि साहेब टेप सोडत, गवतातून एकेक पाऊल मागे मागे जात राहिले.