दिसतंय, पण सांगायचं नाही

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझ्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला आणि तिथनं हे सुरू झालं. "उचगावात पोरं पळवणारी टोळी!" मी माझ्या लेकीला, परीला, घेऊन दार लावलं ते लावलंच, सासूबाई बाहेर राहिल्या तरी उघडलं नाही. शेवटी शेजारच्या सुनीतावहिनींनी खिडकीतनं मोबाईल मागून घेतला.

"अगं, मागं समुद्र हाय. उचगावात समुद्र कधी आला?"

वहिनींचा ऑनलाइन ग्रुप आहे. फोटो, व्हिडिओ खरा का खोटा, कुठला, हे शोधायचं सॉफ्टवेअर त्यांनी मिळून बनवलंय. फुकट, कुणीही वापरावं, कुणीही सुधारावं. मी सातवी शिकलेली, तरी मला घेतलं. नियम एकच, जागा शोधायची, माणसाच्या मागं लागायचं नाही. तेव्हापासून किस्से इतके साठलेत की पोटात राहीनात.

*

पहिल्याच दिवशी ओळख म्हणून मी परीचा गणवेशातला फोटो टाकला. लगेच वहिनींचा फोन.

"शाळेचं नाव दिसतंय, रिक्षाचा नंबर दिसतोय, घराचा पण. टोळीला आणि काय पायजे?"

*

एकानं पोरीचा फोटो टाकला. हिचं घर शोधून द्या, लगीन ठरवायचंय. वहिनींनी लिहिलं, पावणं, तिलाच विचारा की. तो म्हणाला, तिनं ब्लॉक केलंय.

"मग उत्तर दिलंय की तिनं."

*

एका ताईनं नवऱ्याचा फोटो टाकला. वारणानगरला कामावर आहे म्हणतात, बघा बरं. मागं पन्हाळ्याची तटबंदी, हातात भाजलेलं कणीस. विजेच्या खांबावरनं तालुका सांगणारी आमची माणसं. सगळ्यांनी एकच लिहिलं, फोटो धूसर आहे.

*

परवा गल्लीत चादरी विकणारा आला. कुणीतरी म्हणालं, टोळीतला हाय. झालं, माणसं जमली, त्याचा गठ्ठा ओढला, एकानं कॉलर धरली. गल्लीतल्याच बंडूदादानं त्याचा फोटो काढून आमच्याच ग्रुपवर टाकला, कोण हाय शोधा. वहिनींनी तिथल्या तिथं काढून टाकला. तोंडावरनं कुणाला चोर ठरवायचं नाही, म्हणाल्या.

"मग गावाच्या ग्रुपवर टाकतो," बंडूदादा म्हणाला.

मी परीला कडेवरनं उतरवलं, चादरवाल्याच्या गठ्ठ्यावर बसवलं.

"आता काढा फोटो."

बंडूदादानं मोबाईल खिशात घातला आणि चादरीचा भाव विचारला.

असला मेसेज तुमच्याकडं आला तर पुढं ढकलू नका. हे मात्र चार जणांना सांगा.