फटाकडीचा अर्ज तीन खात्यांत

“मॅडम, तुमच्या दलदलीतून आमची एकही लाइन जात नाही. हा अर्ज आमच्याकडे कशाला?”

फोनवर रेल्वेतले कुलकर्णी. अर्जावरचं माझं आडनाव बघून थेट मराठीतच बोलत होते. चेन्नईत नुंगंबाक्कमच्या आमच्या पर्यावरण संस्थेत बसून मी चक्रावले.

अर्ज मीच नगरपालिकेला दिला होता. चेन्नईच्या दक्षिणेला दलदल आहे. तिथल्या पाणकणसांच्या रानावर सोमवारपासून भराव पडणार होता. त्यात एक छोटा, लाजाळू पक्षी घरटी करतो. मराठीत फटाकडी. दिसत नाही, नुसता ऐकू येतो. इंग्रजीत त्याला ‘रेल’ म्हणतात. पत्रकं लिहायची सवय, म्हणून हेडिंग ठोकलं: ‘सेव्ह द रेल!’ नगरपालिकेने हेडिंग वाचलं आणि अर्ज रेल्वेकडे ढकलला.

“साहेब, रेल म्हणजे पक्षी!”

“मग आम्ही काय करू? सिग्नल देऊ त्याला?”

मी तडक नगरपालिकेत. तिथले अधिकारी शांतपणे म्हणाले, “तमिळमध्ये लिहून आणा, अम्मा.”

आणलं. तमिळ नाव कानांकोळी. कोळी म्हणजे कोंबडी, आपला मासे धरणारा नव्हे. दुसऱ्या दिवशी अर्ज पशुसंवर्धन खात्यात!

“अहो, रानपक्षी आहे तो!” मी ओरडले.

“कोळी तुम्हीच लिहिलंत ना?”



तेव्हा बर्ड फ्लूची घबराट होती. त्यामुळे शनिवारीच एक पशुवैद्य दलदलीत हजर झाले. मीही पोचले.

“कोंबड्या कुठायत?”

“कोंबड्या नाहीतच, डॉक्टर. तेच तर सांगतेय सगळ्यांना!”

ते पँट दुमडून चिखलात उतरले. पाणकणसं बाजूला केली. आत घरटं, पाच अंडी. बराच वेळ वाकून बघत राहिले. मग जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं: ‘जागेवर पक्षी अंड्यांवर आहेत. तपासणी पूर्ण होईपर्यंत काम थांबवावं.’ सही, शिक्का.

सोमवारी डंपर आले आणि रिकामे न होताच परत गेले. पुढे भराव पडला, पण निम्म्याच जागेवर. उरलेली निम्मी अंड्यांमुळे वाचली की फ्लूच्या भीतीने, हे मला आजही कळलेलं नाही. अर्जातला माझा आठ पानी संताप कोणीच वाचला नव्हता. चिखलात उतरला तो एकच सरकारी माणूस, आणि तोही कोंबड्या शोधायला.

आता अर्जात पहिली ओळ ठरलेली: ‘हा रानपक्षी आहे. उडतो.’ फटाकडी फारशी उडत नाही, पण खात्यांना तेवढं पुरतं.