अल हिलालच्या फाटकाआडचे दोन देश

सन २००८ च्या ऑगस्टअखेर माझी कन्या अनघा हिचा दोह्याहून दूरध्वनी आला, आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली. जावई संदीपराव वायू प्रकल्पात अभियंता आहेत. त्यांना एकाच वेळी दोन देशांतून बोलावणे आले होते: इंग्लंडमधून आणि ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातून. दोहा सोडायचे हे ठरलेलेच होते. कोठे जायचे, हे सप्टेंबरच्या शेवटच्या गुरुवारपर्यंत कळवायचे होते.

"त्याआधी तुम्ही येऊन जा, बाबा. हे घर तरी बघून जा."

मी साताऱ्यास एकटा राहतो. आमच्या हिला जाऊन दोन वर्षे झाली होती. दोहा परदेश खरा, पण मुंबईहून विमानाने तीन-साडेतीन तासांचा. शिवाय तेथे हाक मारली तर ओ देणारा मराठी माणूस सापडतो. इंग्लंडात किंवा ऑस्ट्रेलियात जावई कामावर असताना चार वर्षांच्या सईला घेऊन ही मुलगी अडचणीत सापडली, तर कोणाचे दार वाजवील? हा प्रश्न मी सामानाबरोबरच घेऊन निघालो.

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना येथेच देतो. खसखस चुकूनही नेऊ नये. आखाती देशांत ती निषिद्ध आहे. त्यामुळे माझे अनारसे घरीच राहिले आणि स्टीलच्या डब्यांत केवळ चकल्या गेल्या. दुसरे असे, की रमजानात दिवसा उपाहारगृहे बंद असतात आणि उघड्यावर पाण्याचा घोटही घेता येत नाही. मी पोहोचलो तो रमजानच होता.

विमानतळाबाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरली. संदीपराव गाडी चालवता चालवता म्हणाले, "बाबा, आमच्या घराच्या डावीकडे इंग्लंड आहे आणि उजवीकडे ऑस्ट्रेलिया. तिकीट न काढता दोन्ही देश बघून घ्या, आणि काय ते सांगा."

ते विनोदाने बोलले. मी ते गंभीरपणे घेतले.

अल हिलाल हा जुन्या विमानतळाजवळचा, बंगल्यांचा भाग. एका उंच भिंतीआड दहाएक सारखे बंगले, त्यांना एकच फाटक व एकच पहारेकरी. डावीकडच्या बंगल्यात मार्गारेट नावाच्या, पन्नाशीच्या इंग्रज बाई राहत; यजमान दिवसभर कामावर. उजवीकडे शेली ही ऑस्ट्रेलियन तरुणी, तिचा नवरा आणि दोन मुले. मी माध्यमिक शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवले. पण ज्यांची ती मातृभाषा, त्यांच्या घरात कधी पाऊल ठेवले नव्हते. ओळख म्हणून दोन्ही घरी चकल्यांचा एकेक डबा धाडला.

मार्गारेटबाईंचा डबा दुसऱ्याच दिवशी परत आला: लख्ख घासलेला, सोबत आभाराचे सुबक कार्ड, आणि आत काही नाही. आपल्याकडे शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात, हे त्यांना कोण सांगणार? कार्डावर मात्र स्वल्पविरामही जागच्या जागी होते. शेलीचा डबा परत आलाच नाही.

मार्गारेटबाईंकडच्या चहाचे आमंत्रण तीन दिवस आधी आले. साडेतीन ते पाच. त्यांनी मला "मिस्टर जोगळेकर" म्हटले, हवेविषयी विचारले, साताऱ्याच्या हवेविषयीही विचारले. बिस्किटांची बशी पुढे आली. मी रीतीप्रमाणे "नको, नको" म्हणालो. बशी शांतपणे परत गेली आणि पुन्हा आली नाही. पाचला पाच मिनिटे असताना बाई उठून उभ्या राहिल्या.

"भुकेले राहिलात ना?" घरी आल्यावर अनघाने हसत विचारले. "बाबा, तिथे नको म्हणजे नकोच."

शेलीकडे शुक्रवारी संध्याकाळी गेलो. ती दारातूनच "हाय, वसंत!" म्हणाली. माझ्या सासऱ्यांनीही मला कधी एकेरी नावाने हाक मारली नव्हती. शीतकपाटाकडे बोट दाखवून तिने सांगितले, "हवं ते घे," आणि माझ्या हातात दोन खुर्च्या देऊन त्या अंगणात न्यायला लावल्या. पाहुण्यांनी आपापले खाणे स्वतःच आणले होते, आणि जेवणानंतर भांडीही त्यांनीच विसळली. तिचा नवरा शेगडीवर मांस भाजत होता.

"जाळलंस बघ पुन्हा! कुत्रा तरी खाईल का हे?" ती सर्वांदेखत म्हणाली.

"कुत्र्याला विचारलंय मी. तो तुझ्या हातचं नको म्हणतो," तो म्हणाला, आणि दोघेही खो-खो हसली. मुले अनवाणी धावत होती. वाळूच्या चौकोनात माझा डबा दिसला. त्यात वाळू भरून त्यांनी किल्ले केले होते.

मनातल्या मनात निकाल झाला होता: इंग्लंड. निदान तेथे बोलण्याची रीत आहे. तरी धाकधूक जाईना. रात्री समुद्रकाठच्या कॉर्निशवर फिरताना उंच इमारतींचे दिवे पाण्यात थरथरत, आणि मला वाटे, ज्या देशात बशी दुसऱ्यांदा पुढे येत नाही, तेथे दार तरी दुसऱ्यांदा उघडेल काय?

त्या वर्षी पितृपक्ष रमजानातच आला. बुधवारी अविधवा नवमी होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या स्त्रीची ही तिथी. दुसऱ्या दिवशी संदीपरावांना निर्णय कळवायचा होता. केळीचे पान आणि नारळ आणण्यासाठी मी टॅक्सीने अल मन्सूराला गेलो. तेथे जुन्या इमारतींच्या तळाला आपल्याकडची दुकाने आहेत, आणि टॅक्सीला दहा-बारा रियाल पुरतात. दुकानदार रत्नागिरीकडचे होते, रोजा धरलेले.

"पान कशाला, काका? पित्रं काय?"

"हो, आमच्या हिची. पण येथे कावळा दिसत नाही हो."

"अवो, कावला हितं कुठचा मिलणार! मैना येतील, पारवे येतील. काकी काय पाखराचं नाव विचारून घास घेणार हायत? यल्ला, चला, नारल बघून घ्या, पाणी हाय का."

बुधवारी सकाळी खीर, वडे, भाजी करून अनघा कामावर गेली. सवाष्ण म्हणून बोलावलेल्या मैत्रिणीने आयत्या वेळी नकार कळवला होता. "संध्याकाळी बघू, बाबा," असे अनघा जाताना म्हणाली. घरात मी आणि सई. दुपारी खीर जरा गरम करावी म्हणून मी विजेच्या शेगडीवर ठेवली, सोवळे नेसून अनवाणी अंगणात आलो आणि कुंपणाच्या भिंतीवर पान ठेवले. हात जोडतो तोच वाऱ्याने मागे दार लागले.

ती दारे आतल्या मुठीशिवाय उघडत नाहीत. बाहेरून केवळ किल्ली, आणि किल्ली आत.

"सई!"

"येस, आबा?"

"मूठ फिरव, बाळा."

ती फिरवत राहिली. तिच्या हातांनी ती फिरेना. फरशी तव्यासारखी तापली होती. पहारेकरी नमाजाला गेला होता. तेवढ्यात आतून आवाज आला, "आबा, इट्स स्मेली."

"स्वयंपाकघरात जाऊ नकोस! दाराशीच उभी राहा!"

"ओके, आबा." आणि पावले दारापासून दूर जाताना ऐकू आली.

मी धावलो तो मार्गारेटबाईंकडे; रीतीचे घर म्हणून. दार उघडले. आणि वाचकहो, नात आत कोंडलेली असताना माझ्या तोंडून जे निघाले ते असे: "नमस्कार. आपली प्रकृती बरी असावी. आपल्याला त्रास देताना मला अत्यंत संकोच वाटतो. सवड असल्यास एक लहानशी मदत हवी होती." शाळेत हेच शिकवत आलो होतो.

"अवश्य, मिस्टर जोगळेकर," त्या तितक्याच सौजन्याने म्हणाल्या. "मी फोनवर आहे. पंधरा-वीस मिनिटांनी चालेल?"

"चालेल," मी म्हणालो. होय, 'चालेल' म्हणालो. दार मिटले, आणि मी तेथेच उभा राहिलो. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या फटीतून करडा धूर निघत होता.

"वसंत! काय झालं?" कुंपणापलीकडून शेलीची आरोळी आली.

माझे सगळे व्याकरण गळून पडले. "सई आत! शेगडी! दार बंद!"

ती पुढे काही विचारण्यास थांबली नाही. वाळूतून हाती लागले ते उचलून ती कुंपणावरून आली आणि मागच्या दाराची काच तिने एका घावात फोडली. हाती लागले होते ते म्हणजे माझाच डबा. तिचा आरडाओरडा ऐकून मार्गारेटबाई फोन तसाच टाकून नुसत्या मोज्यांनिशी बाहेर धावल्या, आणि त्यांच्या मुठीत आमच्या घराची किल्ली होती! अनघाने येथे राहायला आल्याच्या महिन्यातच ती त्यांच्याकडे ठेवायला दिली होती. मला कोणी सांगितले नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते.

अशा रीतीने मागच्या दाराने ऑस्ट्रेलिया आणि पुढच्या दाराने इंग्लंड एकाच वेळी आमच्या घरात शिरले. शेलीने पातेले बाहेर फेकले. धुरात मला सई दिसेना. मग ती बैठकीच्या दारातून आली, माझ्या चपला छातीशी धरून.

"आबा, युवर चप्पल. फ्लोअर इज हॉट ना."

मी तिला चपलांसकट उचलून घेतले.

"तुम्ही 'चालेल' का म्हणालात?" मार्गारेटबाई पुनःपुन्हा विचारत होत्या. "किंचाळायचं होतं, मिस्टर जोगळेकर! माझ्या दारात किंचाळायचं!"

"पुढच्या वेळी डबा वेळेवर परत करीन," शेली म्हणाली. तिच्या मनगटातून रक्त येत होते, आणि ती हसत होती.

संध्याकाळी सवाष्ण शोधण्याची गरज उरली नाही. शास्त्रात दुपार सांगितली आहे, हे मला ठाऊक आहे; आणि खीर तर गेलीच होती. पण दोघींना पाटावर बसवले, अनघाने ओट्या भरल्या. शेलीने नारळ पट्टी बांधलेल्या हाताने कानाशी हलवून पाहिला. मार्गारेटबाई दुसऱ्या वड्याला "नको" म्हणाल्या. मी तो त्यांच्या ताटात वाढलाच. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि खाल्ला. तिसराही खाल्ला. भिंतीवरचा घास मैनांनी नेला होता.

जेवणे झाल्यावर संदीपरावांनी विचारले, "मग बाबा, निकाल?"

"मला विचारू नका," मी म्हणालो. "माझा निकाल दुपारी काचेबरोबरच फुटला."

"आमचं ठरलंय," अनघा म्हणाली. "पर्थ."

"शेलीमुळे?"

"नाही. घड्याळामुळे. तुम्ही पहाटे पाचला उठता तेव्हा इंग्लंडात मध्यरात्र असते. पर्थला साडेसात. तुम्ही पडलात-झडलात, फोन केलात, तर मी जागी असले पाहिजे ना?" मग ताटे उचलता उचलता ती थांबली. "बाबा, साताऱ्याच्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे असते?"

दोन्ही किल्ल्या एकाच कडीत, माझ्या खिशात होत्या. ती किती दिवस हा प्रश्न उशाशी घेऊन झोपत होती, हे मला तेव्हा कळले.

ऑक्टोबरात परतलो. दोहा पाहण्याजोगे आहे: सूक वाकिफ हा जुना बाजार संध्याकाळी पाहावा, कॉर्निशवर चालावे, अल मन्सूरात मराठीत भाव करावा. इंग्रज आणि ऑस्ट्रेलियन माणसांविषयी मी जे पानभर लिहून ठेवले होते, ते मात्र येथे देत नाही. काळजी गेली असे म्हणणार नाही. पर्थला अनघाच्या शेजारी कोण असेल, हे मला माहीत नाही. एवढे माहीत आहे, की सामान उघडण्याआधी ती त्यांच्या हाती किल्ली देईल.

पोचा पडलेला तो डबा मी बरोबर आणला. त्यात दोह्याचे खजूर भरले, वर घराची दुसरी किल्ली ठेवली आणि शेजारच्या पवारवहिनींचे दार वाजवले. प्रास्ताविक केले नाही.

"वहिनी, ही तुमच्याकडे असू द्या. मी एकटा असतो."

"बरं झालं, सर," त्या एवढेच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी डबा परत आला. आपल्याकडे तो रिकामा परत करत नाहीत. आत चार बेसनाचे लाडू होते, आणि त्यांच्यामध्ये, दोऱ्यात ओवलेली, पवारांच्या घराची किल्ली.